दोराबजी आणि मेहेरबाई टाटा: काय दिलं, कसं दिलं, कुठून दिलं

अबोली

टाटा म्हटलं की आपल्याकडे जमशेटजी, जेआरडी आणि रतन टाटा ही तीन नावं लगेच निघतात. यांच्या मधलं एक जोडपं मात्र बाजूला राहतं. परळचं टाटा हॉस्पिटल, देवनारची टिस (समाजकार्य शिकवणारी संस्था), कुलाब्याची टीआयएफआर (मूलभूत विज्ञान संशोधनाची संस्था) आणि नरिमन पॉइंटचं एनसीपीए (नाटक-संगीताचं राष्ट्रीय केंद्र), या चारही ठिकाणांचा इतिहास खणत गेलं की शेवटी सर दोराबजी आणि लेडी मेहेरबाई टाटा यांच्यापाशीच येऊन थांबतो. त्यांच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

दोराबजी हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव, जन्म १८५९. केंब्रिजला दोन वर्षं काढली, मग मुंबईला परत येऊन सेंट झेवियर्समधून पदवी घेतली, काही काळ वर्तमानपत्रात नोकरी केली. मेहेरबाई त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांचे वडील एच. जे. भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. (अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. हे नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) १८९८ मध्ये लग्न झालं. मूलबाळ झालं नाही.

ज्युबिली हिऱ्याची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. २४५ कॅरेटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा हिरा दोराबजींनी बायकोसाठी घेतला. लोक ही गोष्ट श्रीमंतीचा थाट म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. पहिल्या महायुद्धानंतर टाटा स्टीलने मोठा विस्तार काढला होता. भाव कोसळले, १९२३ च्या भूकंपामुळे जपानचं गिऱ्हाईक गेलं, आणि १९२४ मध्ये जमशेदपूरच्या कामगारांचे पगार द्यायला पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी स्वतःची सगळी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकून एक कोटीचं कर्ज उचललं. त्या गहाणात मेहेरबाईंचे दागिने होते आणि हा हिराही होता. कारखाना वाचला, हिरा सुटून परत आला.

१८ जून १९३१ ला मेहेरबाई वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये ल्युकेमियाने गेल्या. वय ५१. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांना ठेवलं. यानंतर दोराबजींनी जे केलं त्यासाठी हा धागा आहे. मार्च १९३२ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्ट केला आणि आपल्याकडचं सगळं त्यात घातलं: टाटा सन्सचे शेअर, इंडियन हॉटेल्सचे शेअर, जमीनजुमला आणि बायकोचे एकवीस दागिने. ज्युबिली हिरा त्यातच होता. त्या काळच्या हिशोबाने हे सगळं एक कोटीच्या घरात जात होतं. पुढच्याच महिन्यात रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट केला. त्याच्या उत्पन्नातले चार हिस्से जगभरातल्या ल्युकेमिया संशोधनाला आणि एक हिस्सा भारतातल्या संशोधनाला, अशी वाटणी ठरवून दिली. मग बायकोच्या समाधीचं दर्शन घ्यायला ते युरोपला निघाले आणि ३ जून १९३२ ला जर्मनीत बाड किसिंगेनला वाटेतच गेले.

आता माझा मुद्दा. आकडा मोठा होता हे खरंच, पण मला मोठं वाटतं ते ट्रस्टचं कागदपत्र. जात, धर्म, देश यांचा भेद न करता विद्या, संशोधन आणि दुःखनिवारण यांसाठी हा पैसा वापरावा, असं त्यात लिहिलं आहे. तो काळ आठवा. ज्ञातीचं वसतिगृह, ज्ञातीचा दवाखाना, ज्ञातीची शिष्यवृत्ती हीच दान देण्याची रीत होती, आणि त्यातूनही खूप चांगली कामं उभी राहिली. पण या माणसाने सगळी मालमत्ता दिली आणि आपल्याच लोकांना द्या असं म्हटलं नाही. अमुकच बांधा, माझ्या नावाचीच पाटी लावा, असंही म्हटलं नाही. टिस १९३६ ची, हॉस्पिटल १९४१ चं, टीआयएफआर १९४५ ची, एनसीपीए १९६९ चं. यातलं एकही दोराबजींनी पाहिलं नाही. मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था निघेल हे तर त्यांच्या मनातही नसणार. पुढच्या माणसांवर विश्वास ठेवून हात मोकळा सोडला म्हणून हे सगळं होऊ शकलं, असं मला वाटतं.

ज्यांचा या संस्थांशी प्रत्यक्ष संबंध आलाय त्यांनी जरूर लिहा. विरोधी मतं असतील तर तीही.

लालबागची

अबोलीताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझं माहेर हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर, आणि नंतर आईच्या आजारात तिथे वर्षभर येणंजाणं होतं.

हॉस्पिटलचं उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईचे गव्हर्नर लम्ली यांच्या हस्ते झालं. त्याआधी कॅन्सर म्हणजे पैसेवाल्यांनी बोट पकडून परदेशी जायचं आणि बाकीच्यांनी घरी वाट पाहायची, असा प्रकार होता. दोराबजींना रेडियमचे उपचार भारतात आणायचे होते आणि ते गेल्यावर ट्रस्टींनी ते काम तडीस नेलं. १९५७ मध्ये हॉस्पिटल केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं, १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. अणुऊर्जा आणि हॉस्पिटल यांचा काय संबंध, असं लोक विचारतात. किरणोपचार हा एक धागा आणि होमी भाभा हा दुसरा.

मला सांगायचंय ते तिथल्या रांगेबद्दल. सकाळी सातला होमी भाभा ब्लॉकच्या बाहेर उभं राहिलं की बिहारी, बंगाली, मराठी, आसामी सगळं कानावर पडतं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, फाईलवर जाड पेनाने लिहिलेला केस नंबर. नाव कोणी विचारत नाही, नंबर विचारतात, आणि आठवड्याभरात घरच्यांनाही तो तोंडपाठ होतो. आईच्या शेजारच्या खुर्चीवर बीडचा एक ऊसतोड कामगार होता, त्याच्या पलीकडे कोलकात्याच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका. दोघांनाही तोच डॉक्टर, तीच केमो. भेद न करता हे शब्द कागदावर वाचायला सोपे असतात. मी ते खुर्च्यांच्या रांगेत पाहिलेत.

फूटपाथवर राहणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक हेही तिथलं वास्तव आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा नसती तर कित्येकांनी उपचार अर्धवट सोडले असते. म्हणजे टाटांच्या दानाला गाडगेबाबांच्या दानाची जोड मिळाली तेव्हा कुठे गावाकडच्या माणसाला उपचार पुरे करता आले.

मावळकडा

धागा चांगला आहे, हॉस्पिटलबद्दल माझ्याही मनात आदर आहे. तरी शीर्षकात ‘कुठून दिलं’ असं लिहिलंय आणि लेखात त्याबद्दल एक ओळ नाही. ती मी लिहितो.

हे शेअर ज्या उद्योगांच्या जिवावर मोठे झाले त्यांत वीज कंपन्याही होत्या. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर धरणं बांधली. त्यातलं मुळशीचं धरण नीळा-मुळेच्या संगमापाशी. त्यासाठी मावळातली पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. भाताची जमीन, शेकडो वर्षांची वहिवाट. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते, बायका-मुलं कामाच्या जागी जाऊन बसत. बापटांनी तुरुंगवास भोगला. तीन वर्षांत चळवळ मोडली आणि धरण झालं.

तेव्हा कंपनीच्या प्रमुखपदी दोराबजीच होते. जमिनी सरकारने भूसंपादन कायद्याने घेऊन दिल्या, म्हणजे कायदा बाजूने होता. सत्याग्रहातली सगळ्यांत कडू गोष्ट ही की कागदोपत्री मालक असलेले बरेच पुण्यातले सावकार भरपाई घेऊन मोकळे झाले आणि कसणारा मावळा रिकाम्या हाताने राहिला. धरणग्रस्तांची देशातली पहिली संघटित चळवळ म्हणून मुळशीचं नाव घेतात. नर्मदेच्या साठ वर्षं आधीची.

माझं म्हणणं इतकंच की देणाऱ्याच्या यादीत मुळशी-मावळचं नाव पाहिजे. त्यांनीही दिलंय, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

अबोली

मावळकडा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी उद्या स्वतंत्र प्रतिसादात लिहिणारच होते, पण इतकं नेमकं जमलं नसतं. तुमच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत.

एका ठिकाणी मात्र माझं मत वेगळं आहे. अन्यायाचा पैसा म्हणून दान खोटं ठरतं, असं काही जण म्हणतात (तुम्ही तसं म्हटलेलं नाही, जाणीव आहे). तो पैसा घरात राहिला असता तर मुळशीच्या शेतकऱ्याला तो मिळाला असता का? नाही. सगळी मालमत्ता सार्वजनिक केली म्हणून आज आपण त्या पैशाला जाब विचारू शकतो. एखाद्या घराण्याच्या तिजोरीला कोणी विचारत नाही. ट्रस्टने मुळशी खोऱ्यात काय केलं, काय करायला हवं, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे.

नीलांबरी

सगळे ‘दोराबजींनी दिलं’ म्हणताहेत. मेहेरबाई काय फक्त हिरा घालणाऱ्या होत्या?

ही बाई साडी नेसून टेनिसच्या स्पर्धा खेळायची आणि जिंकायची. बॉम्बे प्रेसिडेन्सी विमेन्स कौन्सिल आणि नॅशनल कौन्सिल ऑफ विमेन उभ्या करण्यात तिचा हात होता. १९२७ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक कॉलेजात तिने हिंदू विवाहासंबंधीच्या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं. १९२९ च्या सारडा कायद्याआधी बालविवाहाविरुद्ध जी जनमताची बांधणी झाली त्यात ती होती. मुलींचं शिक्षण, पडदा, अस्पृश्यता या सगळ्यांवर ती बोलत होती, आणि हे सगळं ल्युकेमियाचं नाव तिच्या घरात शिरायच्या आधी.

१९२४ च्या गहाणाकडे परत या. दागिने तिचे होते. आपल्याकडे स्त्रीधन म्हणजे शेवटचा आधार, नवऱ्याच्या धंद्यासाठी ते काढून देताना बायकांचं काय होतं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते तिने दिले. मूल नाही, पुढे नवरा नसला तर काय, हा विचार तिच्या मनात आलाच असेल. तरी दिले. तिच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांमार्फत हिरा विकला गेला आणि पैसा ट्रस्टकडे आला. त्यामुळे परळच्या इमारतीत तिचा वाटा शब्दशः आहे.

तिच्या नावाचा शिक्षण ट्रस्टही आहे. पदवीधर मुलींना समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांत परदेशी शिकायला मदत करणारा. तो कोणी सांगत नाही.

शेवंता

नीलांबरी, +१. स्त्रीधनाचा मुद्दा वाचून दोनदा थांबले.

हिशोबनीस

मी सीए आहे, त्यामुळे मला यातली रचना फार आवडते. थोडक्यात सांगतो.

रोख रक्कम दान केली की व्याजावर काम चालतं आणि महागाई ती हळूहळू खाते. दोराबजींनी शेअर दिले. धाकटे बंधू सर रतन टाटा (१८७१ ते १९१८) आणि नवाजबाई यांनाही मूल नव्हतं, त्यांच्या मालमत्तेचा ट्रस्ट १९१९ मध्ये झाला होता. ते सगळं मिळून आज टाटा सन्स या मूळ कंपनीची सुमारे ६६% मालकी निरनिराळ्या टाटा ट्रस्टांकडे आहे. दोराबजी आणि रतन टाटा हे त्यातले सगळ्यांत मोठे दोन. खालच्या कंपन्यांनी नफा कमावला की लाभांश टाटा सन्सकडे येतो, टाटा सन्सने लाभांश दिला की ट्रस्टकडे. १९३२ चा एक कोटी हा आंब्याच्या बागेसारखा दिला गेला, पेटीसारखा नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ज्या ट्रस्टकडे एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाची चावी आहे त्याचे विश्वस्त कोण असावेत, त्यांनी कंपनीच्या कारभारात किती लक्ष घालावं, यावरून भांडणं होणारच, आणि झालीही आहेत. धर्मादाय संस्थेला करात सवलत असते, ती तुमच्या-आमच्या खिशातून असते. म्हणून त्यांचा हिशोब मागण्याचा हक्क आपल्याला आहे. अबोलीताईंनी ‘जाब’ हा शब्द वापरला तो बरोबर आहे.

रंगपेटी

मी कलेच्या बाजूने थोडं लिहितो, तिचा नंबर नेहमी शेवटी लागतो.

अबोली यांनी भाभांचं नातं लक्षात ठेवायला सांगितलंय ना? मेहेरबाईंच्या भावाला दोन मुलगे, होमी आणि जमशेद. होमी भाभांनी १२ मार्च १९४४ ला दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढायला मदत मागितली. जून १९४५ मध्ये बंगलोरला कामाला सुरुवात झाली आणि त्याच वर्षाअखेर संस्था मुंबईत पेडर रोडच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. ते भाभांच्या नातेवाईकांचं घर. पुढे कुलाब्याची इमारत झाली तेव्हा भाभांनी तिच्या भिंतींसाठी भारतीय चित्रकारांची चित्रं विकत घेतली. हुसेन, गायतोंडे, आरा... आज तो संग्रह देशातल्या आधुनिक चित्रकलेच्या उत्तम संग्रहांपैकी एक आहे. शास्त्रज्ञ गणित सोडवत ज्या व्हरांड्यातून येरझारा घालतात तिथे गायतोंडे टांगलेला असतो.

धाकटे जमशेद भाभा यांनी जेआरडींच्या पाठिंब्याने एनसीपीए उभं केलं. नरिमन पॉइंटची भराव घातलेली जागा, १९८० मध्ये टाटा थिएटर. तिथे ध्वनीची रचना अशी की मधल्या रांगेत बसून तंबोऱ्याच्या जवारीतला फरक कळतो, ध्वनिवर्धकाशिवाय. मराठी माणसाने हेही लक्षात ठेवावं की पु. ल. देशपांडे एनसीपीएचे मानद संचालक होते आणि अशोक दा. रानडे यांनी तिथे वर्षानुवर्षं संगीत आणि रंगभूमीच्या संशोधनाचं काम केलं. मराठी नाटकांचा ‘प्रतिबिंब’ महोत्सव तिथेच होतो.

आणि दोराबजींचा स्वतःचा कलासंग्रह १९३३ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला गेला. धाकट्या रतन टाटांचा त्याआधीच गेला होता. तिथली युरोपियन चित्रं, जेडच्या वस्तू पाहाल तेव्हा खालची पाटी वाचा.

खडूफळा

रंगपेटी, तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवतो. एनसीपीएला सामान्य माणूस किती जातो? डोंबिवलीहून नरिमन पॉइंटला संध्याकाळचं नाटक बघायला जाऊन रात्री परत येणं हाच एक प्रकल्प आहे. २०१४ मध्ये मलबार हिलचा ‘मेहरांगीर’ बंगला, होमी भाभांचं घर, एनसीपीएने लिलावात ३७२ कोटींना विकला. तिथे भाभांचं स्मारक व्हावं अशी शास्त्रज्ञांची मागणी होती. ते झालं नाही याची मला आजही खंत आहे. त्या पैशात जिल्ह्याजिल्ह्यांत किती प्रयोगशाळा झाल्या असत्या!

मी शिक्षक आहे म्हणून दुसरं एक उदाहरण देतो, ते मला या दानाचं खरं सोनं वाटतं. १९७४ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालं. नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत त्याचा पहिला संसार. वि. गो. कुलकर्णी, भा. मा. उदगावकर ही टीआयएफआरमधली मोठी माणसं मुलांना विज्ञान का जड जातं हे शोधायला निघाली. जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला त्यांनी ग्रामीण शाळांमध्ये काम केलं. पुस्तकातली मराठी अवघड असते आणि त्यामुळे मूल विज्ञानात नापास होतं, भाषा सोपी केली की तेच मूल उत्तर देतं, या दिशेने त्यांनी केलेलं काम आम्हा शिक्षकांना आजही उपयोगी पडतं. एका खेड्यातल्या वर्गात टाटांचा पैसा पोचला तो असा.

रंगपेटी

खडूफळा सर, खिरोद्याबद्दल शंभर टक्के. ‘मेहरांगीर’ची खंत मलाही आहे. पण ते घर जमशेद भाभांनी एनसीपीएलाच दिलं होतं, सरकारला किंवा विज्ञानाला नाही. देणाऱ्याची इच्छा आणि समाजाची इच्छा यांचा मेळ बसला नाही की असं होतं. ते घर सरकारने विकत घ्यायला हवं होतं, एनसीपीएने फुकट सोडायला नको होतं.

आणि कलेला दिलेला पैसा दवाखान्याच्या तोंडचा काढून दिलेला असतो, हे मला मान्य नाही. आजारी माणूस बरा झाल्यावर जगतो कशासाठी? पुण्याच्या भांडारकर संस्थेचं बघा. १९१७ ची संस्था, सुरुवातीच्या इमारतीला टाटा बंधूंची मदत. त्याच आवारात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, जवळपास पन्नास वर्षं काम चाललं. त्याने कोणाचं पोट भरलं नाही, पण तेवढा काळ विद्वानांना निवांत बसून पोथ्या ताडून पाहता आल्या.

बेळगावी

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला तो दोराबजींमुळे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना ते अध्यक्ष म्हणून आले होते. तिथे अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं बघून ही मुलं जगात उतरली पाहिजेत असं त्यांनी मनावर घेतलं आणि स्वतःचे पैसे घातले. आमचे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. सदाशिव दातार, कुस्तीत रणधीर शिंदे आणि नवले. १९२७ ला इंडियन ऑलिम्पिक असोसिएशन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष दोराबजी.

मावळकडा

बेळगावी, छान माहिती. १९२० ला पुण्यात शेतकऱ्यांच्या अनवाणी पोरांचं कौतुक आणि १९२१ ला मुळशीत शेतकऱ्यांवरच पोलीस. एकाच माणसाच्या आयुष्यातली ही दोन सलग वर्षं आहेत. मी त्याला दुष्ट म्हणत नाही. त्या काळच्या उद्योगपतीला धरण म्हणजे प्रगती वाटत होती, आणि समोर बसलेला शेतकरी त्याला दिसत असूनही दिसला नाही. आजही मोठ्या प्रकल्पांत हेच होतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा लिहितोय.

तेर_तुळजापूर

टिसची माजी विद्यार्थिनी. आमच्या संस्थेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

१९३६ मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने सुरू झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ तिचे पहिले संचालक, ते नागपाड्याच्या वस्तीत आधीपासून काम करत होते. १९४४ ला आजचं नाव मिळालं, १९५४ ला देवनारला गेली. समाजकार्य हे दयाबुद्धीने करायचं काम नाही, ते शिकावं लागतं, ही कल्पना आपल्याकडे या संस्थेने रुजवली. मी तुळजापूरच्या परिसरात शिकले. दुष्काळी भागातली मुलं तिथे येतात, गावात राहून शिकतात. माझ्या वर्गात पारधी समाजातला पहिला पदवीधर होता.

अबोलीताईंच्या ‘हात मोकळा सोडला’ या म्हणण्याला एक जोड देते. जून २०२४ मध्ये टिसच्या शंभराहून जास्त कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना मुदतवाढ नसल्याची पत्रं गेली. त्यांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत होते आणि ते अनुदान अडलं होतं. दोन दिवसांत पत्रं मागे घेतली गेली, पण त्या दोन दिवसांत पंधरा-वीस वर्षं शिकवलेल्या माणसांची जी अवस्था झाली ती आम्ही माजी विद्यार्थ्यांनी फोनवर ऐकली. सार्वजनिक विद्यापीठातल्या शिक्षकाचा पगार वर्षावर्षाच्या देणगीवर असू नये. दात्याने रोप लावावं, पाणी घालणं पुढे सरकारचं काम. हॉस्पिटलच्या बाबतीत ते झालं, म्हणून ते टिकलं आणि वाढलं.

हिशोबनीस

तेर_तुळजापूर, फार महत्त्वाचा मुद्दा. प्रकल्पापुरतं अनुदान आणि कायमचा निधी यांत हाच फरक आहे. १८९२ ची जमशेटजींची उच्च शिक्षणाची योजना आठवा: ती कर्जाऊ शिष्यवृत्ती. शिकून आलेल्याने परत फेडायची, तो पैसा पुढच्याला. पहिल्या दोन विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. सव्वाशेहून जास्त वर्षं ते चक्र फिरतंय, कारण ते कोणाच्या वार्षिक मंजुरीवर अवलंबून नाही.

साताऱ्याचा_नितीन

धागा वाचतोय, चर्चेत भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. एक विचारायचं होतं. काकांना पुढच्या आठवड्यात टाटाला घेऊन जायचंय, जबड्याचा आहे. गावाकडे थोडी शेती, बाकी काही नाही. लालबागची ताई, काय काय घेऊन जाऊ? पैशाचं कसं होतं तिथे?

लालबागची

नितीन, आधी धीर धर. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट तिथे रोज येतात, डॉक्टरांना त्याचा प्रचंड अनुभव आहे.

आत्तापर्यंतचे सगळे रिपोर्ट, बायोप्सी केली असेल तर तिची स्लाइड आणि ब्लॉक (नुसता कागद नको, लॅबकडून स्लाइड मागून घे), स्कॅनची सीडी. काकांचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. सकाळी लवकर जा. नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट असं विचारतील, जनरल सांग. उपचार तेच असतात.

केस नंबर मिळाला की त्याच दिवशी मेडिकल सोशल वर्करला भेट, पैसे संपेपर्यंत थांबू नको. महात्मा फुले योजनेत बसतंय का, नाही बसलं तर कोणत्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, राहायची सोय कुठे, हे सगळं ते सांगतात. तेर_तुळजापूर लिहितात ना, समाजकार्य शिकावं लागतं, ते तिथे त्या टेबलासमोर बसल्यावर कळतं. आमच्याशी बोलल्या त्या बाई टिसच्याच होत्या. गाडगे महाराज धर्मशाळेसाठी हॉस्पिटलचे कागद लागतात आणि जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रींची सोय आधी बघून ठेव.

काकांना चावता येत नसेल तर पेज, ताक, मऊ भात असं बरोबर ठेव. तंबाखू आजपासून बंद, रागावून नाही, समजावून. आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. मी परळलाच असते, पहिल्या दिवशी बरोबर येते.

साताऱ्याचा_नितीन

व्यनि केलाय ताई. मंगळवारी पहाटेच्या एसटीने निघतोय.